उद्या नव्हे, आज

(चांगले काम करावे असे सर्वांनाच वाटते, पण ते सुरू करण्याची वेळ आली की मन मागे सरते. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. त्यासाठी अहमदनगर, धुळे आणि नाशिक येथील तुरुंगांत थोर माणसांनी केलेल्या कामाची उदाहरणे दिली आहेत.)



आपण घरी उर्दू बोलतो. उर्दूत ‘कल’ हा एक शब्द आहे. होऊन गेलेला दिवस म्हणजे ‘कल’ आणि येणारा दिवस म्हणजेही ‘कल’. वाक्य पूर्ण झाल्यावरच कोणता दिवस ते कळते. मराठीत मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. गेला तो ‘काल’ आणि येणार तो ‘उद्या’. मराठी शिकताना सुरुवातीला पुष्कळ मुलांची येथे गल्लत होते. ‘मी काल तुमच्या घरी येईन’ असे वाक्य वहीत सापडते आणि सारा वर्ग हसतो.

हसून झाल्यावर थोडा विचार करा. आज सोमवार आहे, असे समजा. ‘निबंध उद्या लिहू’ असे तुम्ही म्हणता. मंगळवार उजाडतो. आता तो ‘काल’ राहिलेला निबंध झाला. तुम्ही पुन्हा म्हणता, ‘उद्या’. बुधवारी पुन्हा तेच. असे करता करता शनिवार येतो आणि वही कोरीच असते. कारण उद्या कधी येतच नाही. झोपेतून उठल्यावर आपल्या हाती जो दिवस येतो, त्याचे नाव नेहमी ‘आज’ असते.

काम असे पुढे ढकलत राहण्याला मराठीत चालढकल म्हणतात. टाळाटाळ आणि दिरंगाई हे त्याच कुळातले शब्द आहेत. दिरंगाई हा शब्द तर फारसीतल्या ‘दिरंग’ या शब्दापासून आला आहे. म्हणजे ही सवय कोणा एका भाषेची नाही. ती सर्वांच्या घरी राहते.

पुष्कळांना वाटते की चालढकल म्हणजे आळस. पण तसे नाही. निबंध टाळणारा मुलगा नीट पाहा. तो लोळत पडलेला नसतो. तो सायकल पुसतो. दप्तर लावतो. वह्यांना नवी कव्हरे घालतो. अम्मीने न सांगता दुकानातून साखर आणून देतो. तो दहा कामे करतो. फक्त ते एक काम करत नाही. आळशी माणसाला कोणतेच काम नको असते. चालढकल करणाऱ्याला एकच काम नको असते, आणि बहुधा तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

असे का होते? मनाचा अभ्यास करणारे सांगतात, की माणूस कामापासून पळत नाही. त्या कामाबरोबर मनात जी अप्रिय भावना येते, तिच्यापासून तो पळतो. मराठीच्या निबंधाचेच पाहा. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरेही आहे. ‘किताब’ उर्दूत स्त्रीलिंगी, पण मराठीत ‘ते पुस्तक’. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा घोळ वेगळाच. ‘ळ’ आणि ‘ल’ची पंचाईत निराळी. वही उघडली की मनात येते, ‘माझे चुकेल. सर लाल शाईने पान रंगवतील. मुले हसतील.’ ही भीती नकोशी वाटते, म्हणून वही मिटली जाते. वही मिटताच बरे वाटते. हातात मोबाइल आला तर आणखीच बरे वाटते. पण हे बरे वाटणे थोडा वेळच टिकते. दुसऱ्या दिवशी तेच काम परत समोर येते आणि ते कालच्यापेक्षा जड झालेले असते. मग परीक्षेच्या आदल्या रात्री धावपळ सुरू होते. यालाच मराठीत ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे’ म्हणतात.

आता आपल्या भडगावकडे पाहा. गिरणेच्या काठावरचा हा सारा मुलूख शेतीचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते. पाऊस झाला आणि जमिनीत ओल आली, की शेतकरी पेरणी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोन वाजता आली, तर तो रात्री दोनला बांधावर उभा असतो. त्याला झोप येत नाही असे नाही. पण पाळी चुकली तर पाणी पुढच्या शेतात जाते. कजगावच्या स्टेशनावर गाडी पकडायची असेल, तर माणूस घरातून वेळेवर निघतो. कारण गाडी त्याच्यासाठी थांबणार नसते.

म्हणजे वेळेवर काम करणे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. जेथे पाऊस, पाट किंवा गाडी घंटा वाजवते, तेथे आपण वेळेवर हजर असतो. अडचण वेगळीच आहे. आयुष्यातली पुष्कळशी मोलाची कामे अशी असतात की त्यांची घंटा कोणी वाजवत नाही. नवी भाषा शिकणे, चांगली पुस्तके वाचणे, हस्ताक्षर सुधारणे, एखादी कला हाती आणणे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवणे, ही कामे आज केली नाहीत तर आज काहीच बिघडत नाही. म्हणूनच ती राहून जातात. अशा कामांची घंटा आपली आपणच बांधावी लागते.

ही घंटा कशी बांधतात, हे पाहण्यासाठी आपण तुरुंगात जाऊ. दचकू नका. स्वातंत्र्याच्या लढ्यात आपल्या देशातील अनेक थोर माणसे तुरुंगात होती. तेथे त्यांच्यापाशी वेळ भरपूर होता. पण ‘अमुक दिवशी पुस्तक पूर्ण करा’ असे सांगणारे कोणी नव्हते.

मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सरकारने काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले. त्यांपैकी पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली इत्यादींना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. (या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात.) नेहरू हे नावाजलेले लेखक होते. त्यांनी यापूर्वीही तुरुंगात ग्रंथ लिहिले होते. तरीही या किल्ल्यात वीस महिन्यांहून अधिक काळ गेला, तोवर त्यांनी नवे पुस्तक हाती घेतले नाही. ते वाचत. किल्ल्यातल्या दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत भर उन्हात कुदळ चालवून फुलझाडांचे वाफे तयार करत. लिहावे की लिहू नये, असे त्यांच्या मनात घोळत होते. आधीचे एक लेखन अपुरे राहिले होते, याचीही त्यांना आठवण होती.

अखेर एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी लेखणी उचलली. मग काय झाले? सप्टेंबर १९४४ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, हाताने लिहिलेली सुमारे एक हजार पाने तयार झाली. तोच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जगप्रसिद्ध ग्रंथ. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. पहिला हा, की मोठ्या माणसाचेही मन कचरते. तुमचे मन कचरले, म्हणून तुम्ही निकामी ठरत नाही. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. नुसता वेळ मिळाला म्हणजे काम होते असे नाही. वीस महिने वेळ होता, तेव्हा पुस्तक झाले नाही. काम सुरू झाले, तेव्हा ते पाच महिन्यांत झाले. ‘सुट्टीत वेळ मिळेल, मग मराठी पक्के करीन’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. त्यांची रीत वेगळी होती. ते पहाटे, सारे झोपलेले असताना उठत. स्वतःच्या हाताने चहा करत आणि लिहायला बसत. ते आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे पाठवण्याची सोय नव्हती. तरी ती लिहिली गेली. पुढे १९४६ साली त्यांचे पुस्तक निघाले. ते पुस्तक म्हणजे ‘गुबारे खातिर’. उर्दू गद्यातील हा मोलाचा ग्रंथ आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे कलकत्त्याला निधन झाले. मौलाना तेव्हा किल्ल्यातच होते. अखेरची भेटही झाली नाही. त्या दिवसांतही त्यांनी आपला दिनक्रम मोडू दिला नाही. बाहेरून शांत राहण्यासाठी मनाला किती कष्ट पडत होते, हेही त्यांनी पत्रात लपवले नाही. मुलांनो, यातून एवढेच घ्या, की रोजची ठरलेली वेळ ही नुसती शिस्त नसते. मन खचते तेव्हा तीच माणसाला आधार देते. ‘आज मन लागत नाही’ असे वाटते त्या दिवशी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बसणे हाच अर्धा उपाय असतो.

आता नगरहून आपल्या खानदेशात येऊ. काळ दहा-अकरा वर्षे मागचा आहे. १९३२ साल. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी हे दोघेही कैदी होते. विनोबा भाषांचे आणि धर्मग्रंथांचे मोठे अभ्यासक. त्यांनी अनेक वर्षे खपून कुराण शरीफचा अभ्यासही मूळ अरबीतून केला आणि त्यातील निवडक आयतींचा संग्रह १९६२ साली प्रसिद्ध केला. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगण्याचे ठरवले. गीतेचे अध्याय अठरा. मग रीत ठरली: दर रविवारी एक अध्याय.

२१ फेब्रुवारी १९३२ रोजी पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. दिनदर्शिका घेऊन मोजून पाहा. या दोन तारखांच्या दरम्यान, त्या दोन्ही धरून, बरोबर अठरा रविवार येतात. म्हणजे एकही रविवार चुकला नाही. विनोबा बोलत आणि साने गुरुजी टिपून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झाले आणि पुढे अनेक भाषांत गेले.

येथे घंटा कोणती होती? रविवार हीच घंटा. आणखीही एक गोष्ट होती. समोर ऐकणारे बसलेले होते. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, हे कळले की माणूस उठतो. त्यात विनोबा दर रविवारी ठरल्याप्रमाणे बोलत, म्हणून गुरुजींचे लिहिणे चालू राहिले. आणि गुरुजी लिहून घेत, म्हणून ते बोल टिकले. मोठे काम एकट्याने ओढण्यापेक्षा सोबतीने ओढावे, ते असे.

साने गुरुजी जन्माने कोकणातले. पण कर्माने आपले, खानदेशचे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या वसतिगृहाचे कामही ते पाहत. मुलांना गोष्टी सांगत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले तेव्हा ते तेथे तमिळ शिकले आणि तिरुक्कुरल या तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. नेहरूंच्या ज्या ग्रंथाविषयी आपण वर वाचले, त्याचा मराठी अनुवादही पुढे साने गुरुजींनीच केला.

१९३३ साली ते नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारीला त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. १३ फेब्रुवारीच्या पहाटे पुस्तकाचे मुख्य लेखन पूर्ण झाले. अवघे पाच दिवस! ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, ‘गुरुजींना स्फूर्ती आली आणि पाच दिवसांत पुस्तक झाले. मलाही स्फूर्ती आली की मी लिहीन.’ येथेच फसगत होते. त्या पाच दिवसांच्या आधी अमळनेरची वर्षे आहेत. मुलांसाठी रोज हाताने लिहिलेली ती पाने आहेत. मुलांना सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आहेत. धुळ्याचे अठरा रविवार आहेत. विहिरीला पाणी एका दिवसात लागले असे लोक म्हणतात. पण खोदणाऱ्याला आधीचे दिवस ठाऊक असतात. स्फूर्ती ही सवयीच्या मागून येते. जो रोज बसतो, त्याच्याकडे ती कधीतरी येते. जो तिची वाट पाहत बसतो, त्याला बहुधा नुसती वाटच पाहावी लागते.

‘श्यामची आई’ या पुस्तकाची रचनाही पाहण्याजोगी आहे. त्यात प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. श्याम एका रात्री एकच आठवण सांगतो. सारी आई एका दमात सांगायला बसला असता, तर त्याला सुरुवात कोठून करावी हेच कळले नसते. एक रात्र, एक आठवण, असे ठरले म्हणून सांगणे सोपे झाले.

आता हे सारे आपल्या वहीत कसे उतरवायचे, ते पाहू.

पहिली गोष्ट, कामाचा तुकडा लहान करा. ‘मराठी सुधारायचे आहे’ हे काम नव्हे. ती नुसती इच्छा आहे. ‘आज सात ओळी लिहायच्या आहेत’ हे काम आहे. तुकडा इतका लहान असावा की त्याची भीती वाटू नये. वर्षात शाळेचे दोनशे दिवस धरा. रोज सात ओळी लिहिल्या तर १४०० ओळी होतात. वहीच्या एका पानावर वीस ओळी मावल्या, तर ती ७० पाने झाली. रोज पाच नवे शब्द शिकले तर वर्षाला एक हजार शब्द होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते हेच.

दुसरी गोष्ट, वेळ आणि जागा ठरवा. ‘जमेल तेव्हा’ ही वेळ नव्हे. मग्रिबनंतर, जेवणाआधी, घराच्या अमुक कोपऱ्यात, असे ठरवा. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तो जवळ असला की मनाला पळायला वाट सापडते.

तिसरी गोष्ट, कोणालातरी वाट पाहायला लावा. मैत्रिणीला सांगा, ‘शनिवारी मी तुला माझे पान वाचून दाखवीन, तू मला तुझे दाखव.’ आपापाशी किंवा भाईजानपाशी वही दाखवण्याचा दिवस ठरवा. वर्गात भित्तिपत्रक असेल तर दर आठवड्याला त्यात एक जागा मागून घ्या.

चौथी गोष्ट, थांबताना उद्याची सोय करून थांबा. पुढचे वाक्य कोणते लिहायचे, ते समासात खुणेपुरते टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावे लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट, एखादा दिवस चुकलाच तर स्वतःला बोल लावत बसू नका. बोल लावत बसणे हीसुद्धा चालढकलीचीच एक तऱ्हा आहे. चुकलेल्या दिवसाचे ओझे डोक्यावर घेऊन उद्या चौदा ओळी लिहीन, असे ठरवू नका. सातच लिहा; पण दुसरा दिवस चुकू देऊ नका.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक राहिलेले काम चालढकलीमुळेच राहते असे नाही. तुमच्यापैकी कोणी कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्यांबरोबर शेतात जातो. कोणी दुकानात अब्बांना हात लावतो. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते. कधी घरात आजारपण असते, कधी रात्री वीज नसते. अशा मुलामुलींना कोणी आळशी म्हणू नये आणि त्यांनीही स्वतःला तसे समजू नये. ज्याच्यापाशी वेळ थोडा आहे, त्याला तर लहान तुकड्याचाच आधार आहे. दोन तास कोणाला मिळोत न मिळोत. सात ओळींची पंधरा मिनिटे बहुतेकांना मिळू शकतात.

तसेच विसावा आणि चालढकल यांतला फरकही ओळखा. खेळून आल्यावर मन ताजे होते, तो विसावा. काम टाळून मोबाइल पाहिला की मन आणखी जड होते, ती चालढकल. आपण काय करत आहोत, हे आपले आपल्याला बरोबर कळते.

मग मन वर्षभर टिकून राहील कसे? त्यासाठी काम कशासाठी आहे, हे माहीत असावे लागते. मराठी ही केवळ पस्तीस गुणांपुरती भाषा नाही. तहसील कचेरीतला अर्ज, बँकेतला फॉर्म, दवाखान्यातली सूचना, एस.टी.वरची पाटी, अकरावीचा प्रवेश, पुढची नोकरी, या सगळ्या ठिकाणी ती लागते. ज्या घरात एका मुलीला चांगले मराठी येते, त्या घरात अम्मीला आणि दादीला अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही. तुमच्या सात ओळींमागे असे कोणाचेतरी काम उभे असते.

आणि एक काम असे आहे, की त्याला उद्यावर टाकणे खरोखरच धोक्याचे आहे. तुमच्या घरी दादी असतील, नाना असतील. गिरणेला आलेला मोठा पूर त्यांनी पाहिलेला असेल. बैलगाडीतून आलेली वरात, जुन्या काळची शाळा, ईदचा जुना बाजार, पहिल्यांदा घरात लागलेला विजेचा दिवा, हे सारे त्यांना आठवत असेल. ते कोणत्याही पुस्तकात नाही. आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्या उर्दूत सांगतील, शेजारच्या आजी अहिराणीत सांगतील. तुम्ही त्यातल्या सात ओळी मराठीत लिहा. वेलांटी चुकली तर सर सुधारून देतील. चुकलेली वेलांटी उद्या दुरुस्त करता येते. न विचारलेली आठवण मात्र सांगणाऱ्याबरोबर निघून जाते.

पहिले वाक्य फार सुंदर असायला नको. ‘माझ्या दादीचा जन्म अमुक गावी झाला’ एवढे लिहिले तरी पुरे. एवढे लिहिले की काम सुरू झाले.

शब्दार्थ

गल्लत – घोटाळा, चूक
चालढकल – काम पुढे पुढे ढकलणे
दिरंगाई – उशीर
मुलूख – प्रदेश
पाळी – ठरलेला क्रम, बारी
कचरणे – मागेपुढे पाहणे, धीर न होणे
दिनक्रम – रोजची ठरलेली कामे
खपणे – कष्ट करणे
टिपून घेणे – ऐकलेले लिहून घेणे
स्फूर्ती – काम करण्याची आतून होणारी प्रेरणा
समास – वहीच्या पानावर बाजूला सोडलेली जागा
विसावा – आराम

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उर्दूतील ‘कल’ या शब्दासाठी मराठीत कोणते दोन शब्द आहेत?
(आ) पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कोणता ग्रंथ लिहिला?
(इ) मौलाना आझाद कोणाला पत्रे लिहीत?
(ई) धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचने कोणी टिपून घेतली?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) साने गुरुजी ........ येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते.
(आ) रोज सात ओळी लिहिल्या तर दोनशे दिवसांत ........ ओळी होतात.
(इ) स्फूर्ती ही ........ मागून येते.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आळस आणि चालढकल यांत कोणता फरक आहे?
(आ) पाटाच्या पाण्याचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?
(इ) ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली, तरी तिच्यामागे कोणती तयारी होती?

प्रश्न ४. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) मी (काल / उद्या) नानीच्या गावी जाईन.
(आ) अब्बा (काल / उद्या) जळगावहून आले.
(इ) (तो / ती / ते) पुस्तक माझ्या आपाचे आहे.

प्रश्न ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मन मागे सरणे, वाट पाहणे, बोल लावणे, हाती घेणे.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची एक आठवण ऐका. रोज सात ओळी याप्रमाणे ती सात दिवसांत मराठीत लिहा आणि शनिवारी वर्गात वाचून दाखवा. पहिल्या सात ओळी आजच लिहा.